खांबावरचं पाणी

डबा अर्धा भरला होता, आणि तो कुठल्याच झाडाचा नव्हता.

व्हरांड्याच्या सिमेंटच्या खांबाला आदल्या दिवशी मीच बांधलेली नळी, तिच्या तोंडाशी लावलेला डबा, आणि रात्रभर कौलांवरून ओघळून खांबावरून उतरलेलं पाणी. सकाळी सातला दात घासत मी त्याच्याकडे बघत उभी होते. आंबोलीच्या पुढचं जंगल खात्याचं जुनं विश्रामगृह, जुलै महिना, समोर दहा पावलांवरचं दिसणार नाही इतकं धुकं. डब्याच्या कानाला धरून मी तो उचललासुद्धा, बाहेर ओतायला.

खांबाला नळी बांधण्याचं कारण एवढंच की सतरा नंबरचं झाड त्या आठवड्यात वाऱ्यानं पडलं होतं आणि त्याची नळी मोकळी झाली होती. ती दुसऱ्या झाडाला बांधायची होती, शुक्रवारी मॅडम यायच्या आत. बांधायचं काम गावातल्या तातू गावड्यांचं. पण तातूंची भातलावणी सुरू झाली होती आणि ते चार दिवस येणार नव्हते. मी कधी स्वतः बांधलेली नव्हती. म्हणून खांबावर हात बसवून बघत होते. बरी जमली, कौतुकानं बघत राहिले, तेवढ्यात दिवे गेले आणि ती सोडायचीच राहिली.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि डॉक्टर प्रमिला तेंडोलकरांकडे संशोधन करत होते. मॅडमचं म्हणणं साधं होतं. झाडाच्या वरच्या फांद्यांत, शेवाळात, सालीच्या भेगांत लाखो बारीक जीव राहतात. पाऊस खोडावरून ओघळतो तेव्हा ते त्याच्याबरोबर खाली येतात आणि मातीला मिळतात. जंगलातली माती दर पावसाळ्यात वरून वसते. "खोड म्हणजे त्यांचा जिना गं," त्या म्हणायच्या, "आणि पाऊस त्यांना बोटाला धरून उतरवतो." हे मोजायचं म्हणून चोवीस झाडांच्या खोडांभोवती अर्धी कापलेली प्लास्टिकची नळी तिरकी गुंडाळायची, साल आणि नळीमधली फट बुजवायची, आणि खोडावरून येणारं सगळं पाणी खाली डब्यात घ्यायचं. मग ते रेशमी फडक्यातून गाळून फडक्यावर जे उरेल ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं.

जे उरायचं त्यात सगळ्यात जास्त असायचे तिळाच्या टोकाएवढे पांढुरके जीव. शेपटीखाली चिमटा दुमडलेला, धक्का लागला की तो सुटतो आणि जीव टुणकन उडतो. त्यांचं शास्त्रातलं नाव मोठं आहे. आम्ही त्यांना टुणटुणे म्हणायचो.

नऊ पावसाळे हे चाललं होतं. माझा दुसरा होता, मॅडमचा नववा. एकतीस जुलैला त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याच्या आदल्या दिवशी कॉलेजात त्यांचं शेवटचं व्याख्यान होतं. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डावा थेंबांवर टिकून होता. लग्न केलं नव्हतं, घर भाड्याचं. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, माझं काय ते त्या चोवीस झाडांखाली आहे.

तर डबा हातात होता. बाहेर ओततानाच वाटलं, फडकं धुवून वाळत घातलेलंच आहे, गाळून बघू या. दुसरं काही कारण नव्हतं. पावसात करायला काही नसतं तेव्हा माणूस काहीही करतो.

पहिल्याच नजरेत ते दिसले. एक, चार, अकरा. मी सवयीनं मोजणीचं बटण दाबत गेले आणि दीडशेच्या पुढं गेल्यावर हात थांबला. टुणटुणेच. आमचेच. पण खांबाला ना फांदी, ना साल, ना शेवाळ.

कौलांवर शेवाळ आहे, मी स्वतःला सांगितलं. तिथून आले. चहा केला, प्यायले आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग दुपारी मागच्या शेडमध्ये गेले. तिथं तातूंनी भिजवून आणून ठेवलेल्या काथ्याचा ढीग होता. नळी आणि साल यांच्यामधली फट त्या काथ्यानंच बुजवायची, वरून मेणाचा हात फिरवायचा. खांबावर मीही तोच वापरला होता. मी पाणी खळखळून उकळलं, गार केलं, मूठभर काथ्या चाळणीत ठेवून त्यावर ओतलं आणि खाली आलेलं गाळलं.

दोनशे दहा.

संध्याकाळ होण्याआधी मी तातूंच्या शेताकडे निघाले. ते गुडघ्यापर्यंत चिखलात वाकून रोपं लावत होते, बायको शेजारच्या ओळीत. मला बघून त्यांना वाटलं, नळी सुटली म्हणून बोलवायला आले. तसं नाही म्हटल्यावर सुटकेचा श्वास टाकून ते बांधावर येऊन बसले. वय साठीच्या पुढचं, अंगानं काटकुळे, हात मात्र मोठे, दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यासारखे. काथ्या कुठं भिजवता असं विचारलं तर त्यांचा चेहरा खुलला. नऊ वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. लावणी टाकून ते उठले. मागून त्यांची बायको म्हणाली, "ह्येंका झाडाचा पाणी मोजूक टायम हा. घरात पाणी भरूक नाय." तातू मागं न बघता हसले.

घरामागं फणसाखाली खड्डा होता. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा कुजून काळा झालेला, त्यात पाणी, त्या पाण्यात काथ्या.

"सुको काथो दगडासारखो," तातू सांगत होते. "फट बुजवूक गेलास तर सालीक लागता. आठ दिस हयसर पडान ऱ्हवलो काय लोण्यासारखो जाता. मगे झाडाक कळणा पण नाय, आपल्याक बांधला म्हणान."

त्यांनी सांगितलं की पहिल्या वर्षी मॅडमनी शहरातनं कसलासा चिकट डिंक आणला होता. ओल्या सालीला तो धरायचा नाही, खिळे मारायला जंगल खात्याची मनाई. मॅडम रडकुंडीला आलेल्या. तेव्हा तातूंनीच हा काथ्या काढला. आणि दुसऱ्या पावसाळ्यापासून डबे बोलायला लागले. "बाईनी माका सगळ्यांसमोर म्हटल्यानी, तातू, तुझो हात लागलो आणि झाड उघडला."

मी खड्ड्यात हात घातला. ओंजळीत काळा चिखल आला आणि पानांचा लगदा. त्यावर एक पांढुरका ठिपका होता, तो टुणकन उडाला. मग दुसरा.

येताना पाऊस लागला. मी छत्री उघडली होती की नव्हती ते आठवत नाही.

पहिल्या वर्षीची वही विश्रामगृहाच्या कपाटातच होती, मॅडमच्या तेव्हाच्या टपोऱ्या अक्षरातली. तीन. शून्य. एक. शून्य. दोन. खाली लिहिलेलं: पाऊस क्षीण, म्हणून जीव कमी. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्याच पानावर एकशे अठ्ठेचाळीस होते आणि त्याभोवती शाईच्या पेनानं काढलेलं वर्तुळ, दोनदा गिरवलेलं.

आम्हीच मातीतले जीव उचलून झाडावर नेत होतो आणि पावसानं वरून आणले म्हणून मोजत होतो. नऊतली आठ वर्षं.

पुढचे दोन दिवस मी काय केलं म्हणाल तर काहीच नाही. डबे आणले, गाळले, मोजले, वहीत लिहिले. आकडे लिहिताना हात थांबायचा, तरी लिहिले. एकदा ठरवलं, सांगायचं नाही. सतरा दिवसांनी त्या निवृत्त होतील, व्याख्यान होईल, शाल-श्रीफळ होईल, कोण बघणार आहे काथ्याकडे? एकदा ठरवलं, आईला फोन करून विचारावं. पण आईला काय सांगणार, टुणटुणे कुठून आले ते? खांबाच्या पाण्यातलं गाळलेलं मी स्पिरिटच्या एका बाटलीत भरून टेबलावर ठेवलं होतं, बाकीच्या बाटल्यांपासून लांब. तिच्यावर नंबरही घातला नव्हता.

शुक्रवारी अकराला मॅडम आल्या. एस.टी.तून उतरून दोन किलोमीटर चालत, छत्री वाऱ्यानं उलटी झालेली, पिशवीत तातूंसाठी नवा रेनकोट. पदर पिळत पिळतच त्यांनी विचारलं, "काय गं केतकी, कसे आहेत आपले?" माझं कसं चाललंय ते त्यांनी नंतर विचारलं. नेहमीचंच होतं.

कपडे बदलून, डोळ्यात थेंब घालून त्या सरळ टेबलाशी बसल्या. मी चहा आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा समोर होती ती बाटली त्यांनी घेतली होती आणि सूक्ष्मदर्शकाला डावा डोळा लावून बसल्या होत्या.

"अगबाई, किती हे! सतरा पडलं त्याची भरपाईच झाली म्हणायची." त्यांचं बोट मोजणीच्या बटणावर टकटक चाललं होतं. "कुठल्या झाडाचं हे?"

कुठलाही नंबर सांगता आला असता. तेवीस नंबर होते.

"व्हरांड्याच्या खांबाचं, मॅडम."

टकटक थांबली. त्यांनी डोळा काढला नाही.

"खांबाचं?"

मी बांधायची सवय करत होते, सोडायची राहिली, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी मला पुरं करू दिलं. मग तोंडी परीक्षेत विचारतात तशा आवाजात, एकेक करून, विचारू लागल्या.

"कौलांवर शेवाळ आहे."

"हो. म्हणून शेडमधल्या काथ्यावर उकळलेलं पाणी ओतून बघितलं."

"किती?"

"दोनशे दहा."

"तो भिजवतो कुठं काथ्या?"

"फणसाखाली, खड्ड्यात. पाल्यात."

"पहिल्या वर्षीची वही..."

"बघितली. तेव्हा काथ्या नव्हता, मॅडम."

मॅडमनी डोळा वर घेतला तेव्हा त्याच्याभोवती सूक्ष्मदर्शकाच्या नळीचा गोल वळ उमटला होता. बराच वेळ त्या बाहेर, धुक्याकडे बघत होत्या, तिथं काही नव्हतं.

"खरं असेलही गं," शेवटी म्हणाल्या. "येतही असतील वरून. पण आपण ते मोजलं नाही. आपण तातूचा खड्डा मोजला."

मी मान हलवली. चहावर साय धरली होती. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तसं नव्हतं.

मग त्या अगदी हळू, जवळजवळ लाडीगोडीनं म्हणाल्या, "ओतून द्यायचं होतंस गं."

ज्यांनी मला एक थेंब सांडला तर तोही लिहायला शिकवलं, त्या हे म्हणाल्या. आज मला मुलगी आहे. ती हातातलं काही पडून फुटल्यावर माझ्याकडे बघते, जणू मी ते परत जोडणार आहे, तेव्हा मला मॅडमचा त्या वेळचा चेहरा आठवतो. त्याही माझ्याकडे तशाच बघत होत्या. चोवीस वर्षांच्या मुलीकडे.

त्या उठून आत गेल्या, तोंड धुऊन आल्या. आल्या तेव्हा मॅडम होत्या. म्हणाल्या, नळ्या उद्या सोडायच्या सगळ्या. या कामावर छापून आलेले दोन्ही निबंध मासिकांना पत्र लिहून मी मागं घेईन. तुझं वर्ष फुकट गेलं, त्याचं काय करायचं ते बघू. आणि एक, तातूला हे कळता कामा नये.

मी म्हटलं, त्यांची काही चूक नाही, त्यांना तसं समजावून सांगू.

"चूक नाहीच," त्या म्हणाल्या. "चूक माझी. आठ वर्षांत मी एकदाही तो खड्डा बघायला गेले नाही. पण त्याला तसं वाटेल का? तूच सांग."

शनिवारी तातू नवा रेनकोट घालून आले. पाऊस थांबला होता तरी त्यांनी तो काढला नाही. आम्ही तिघं झाडाझाडाशी गेलो. नळी सुटली की ते काथ्या हलक्या हातानं ओढून काढायचे आणि सालीवर तळवा फिरवायचे, कुठं लागलंय का बघायला. एकाही झाडाला लागलेलं नव्हतं. मॅडम निवृत्त होतायत म्हणून नळ्या काढतोय, एवढंच त्यांना सांगितलं होतं. सातव्या-आठव्या झाडाची नळी सोडून ते उभे राहिले. मग म्हणाले,

"जमला मा, बाईनू, आपला काम?"

"जमलं, तातू."

"मगे बंद कित्याक करूचा? तुमी नसलात तरी मी बांधतलंय. सगळी नाय, धा झाडा. डबे भरले काय गाळून बाटल्येत घालून धाडून देतलंय. स्पिरिट तेवढा देवा."

मॅडम खोडाला हात लावून उभ्या होत्या. मला वाटलं आता सांगतील. नाही म्हणायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. उतरती दुपार होती, कुठंतरी खाली कुणी शीळ घालावी तसा एक पक्षी ओरडत होता आणि तातू उत्तराची वाट बघत होते.

"बांध हो," मॅडम म्हणाल्या. "पण काथ्या आधी उकळून घे. चांगला खळखळून. मग तो खड्ड्यात घालू नको, तसाच वापर."

"उकडून? कित्याक?"

"नवी पद्धत आलीय तशी."

तातूंना ते पटलं नाही, दिसत होतं. उकळलेला काथ्या टणक होतो, सालीला लागेल, असं ते पुटपुटले. पण मॅडमच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. मॅडमनी चाळीस मिनिटं, एकही चित्र न दाखवता, आपलं काम कसं चुकलं ते सांगितलं. फट बुजवायचा काथ्या "मी निवडला" असं म्हणाल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. मी त्यानंतर संशोधन सोडलं आणि एका शाळेत लागले. त्याचं दुःख वगैरे झालं नाही, खोटं कशाला सांगू. फक्त पावसात डबा भरताना दिसला की अजून मी वर बघते, पाणी कशावरून येतंय ते.

पुढच्या ऑगस्टमध्ये मॅडमचा फोन आला. तातूंच्या दहा बाटल्या आल्यायत, मला आता दिसत नाही, येतेस का? मी गेले. कापडात गुंडाळलेल्या, बुचाला मेण लावलेल्या बाटल्या, प्रत्येकीला दोऱ्यानं नंबर. त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक ठेवून मी मोजायला बसले. त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, माझ्या श्वासाकडे कान देऊन.

पहिलीत शून्य. दुसरीत दोन. मग शून्य, शून्य, एक. दहाही बाटल्यांत मिळून सात.

"सात," मी म्हटलं.

मॅडमनी ते एकेक करून मला वर्णन करायला लावलं. रंग कसा, डोळ्यांचे ठिपके किती, चिमटा दुमडलेला की सुटलेला. अख्खी दुपार त्या सात जिवांत गेली. पाचवा सांगत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "केतकी, हे खरे आलेले," म्हणाल्या. "हे वरून आले." इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर काच भरून टुणटुणे दिसायचे तेव्हासुद्धा पाहिला नव्हता.

तातू शेजाऱ्याच्या फोनवर ताटकळत होते. मॅडमनी त्यांना आकडा सांगितला.

"सातच?"

"सात म्हणजे खूप, तातू. तुला कळत नाही, किती खूप आहे ते."

पण ते समजूत काढण्यासारखंच ऐकू गेलं, मलाही. ते म्हणाले, माझ्याच हाताचा कायतरी चुकला असतला. आणि फोन ठेवला. मॅडमनी पुन्हा लावला तर शेजारी म्हणाला, ते गेले शेतात. त्यानंतर मॅडमनी माझ्याकडून त्यांना पत्र लिहवून घेतलं. त्यात खरं काय ते लिहायला त्या दोनदा थांबल्या आणि दोन्हीदा म्हणाल्या, असू दे, पुढच्या पावसाळ्यात आणखी सात आले की मग सांगू, तेव्हा त्याला पटेल.

पुढच्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. मॅडमनी तिला मांडीवर घेतलं, चाचपून तिचं नाक, कान, बोटं मोजल्यासारखं केलं. मी पहिली बाटली उघडून काचेवर ओतली.

काच भरून गेली. मोजायची गरजच नव्हती.

मोजणीच्या बटणाचा आवाज येईना तशी मॅडमनी विचारलं, "किती?" मी दुसरी उघडली, तिसरी उघडली. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, फक्त बाळाला थोपटत राहिल्या. तेवढ्यात फोन वाजला. मी तो त्यांच्या कानाशी धरला. तातूंचा आवाज एवढा मोठा होता की मलाही स्पष्ट येत होता.

"बाईनू, औंदा काथो उकडूक नाय मी. रागावा नको. आधीसारखो खड्ड्यात घातलंय, पंधरा दिस. इले मा परत?"

मुलगी फोनची वायर तोंडात घालायला बघत होती. मॅडमनी ती हळूच तिच्या मुठीतून सोडवली.

"आले, तातू," त्या म्हणाल्या. "सगळे आले."